मंगल कार्यालय नको, पण लग्न नीट हवे : कमी खर्चातील वेगळी जागा सुचवा

पाऊलवाट (११ डिसेंबर २०२४)

नमस्कार. माझे लग्न येत्या मे महिन्यात करायचे ठरले आहे. माझे माहेर कराडजवळच्या एका गावात असून मुलाकडचे पुण्याचे आहेत. दागिने आणि कपडे वगळून दोन्ही घरांनी मिळून ५ लाख रुपयांत सगळे बसवावे, कोणीही कर्ज काढू नये आणि मुलीकडचे, मुलाकडचे असा खर्चाचा भेद करू नये, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. माणसे दोन्हीकडची मिळून १८०. यादी तीनदा छाटून झाली आहे, त्यामुळे आकडा आणखी खाली आणण्याचा सल्ला कृपया देऊ नये. त्यावरून घरात आधीच दोन आत्या रुसल्या आहेत.

आम्ही तीन कार्यालये पाहिली. त्यांतल्या मधल्या दराच्या कार्यालयाचा हिशेब असा : एका दिवसाचे भाडे १,६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, जेवण त्यांच्याच केटररकडून ५५० रुपये ताट आणि किमान ३०० ताटांची अट. म्हणजे १८० माणसांसाठी ३०० ताटांचे १,६५,००० मोजायचे आणि सजावटीचे एक फूलही लावण्याआधी साडेतीन लाखांच्या पुढे जायचे. बाहेरचा फोटोग्राफर आणला तर त्याचीही ‘रॉयल्टी’ द्यावी लागेल, असे तिथल्या व्यवस्थापकांनी चहा पाजत सांगितले.

कार्यालयाखेरीज वेगळ्या जागी लग्न केलेल्यांचे अनुभव हवे आहेत. शेत, वाडा, वाचनालय, कृषी पर्यटन केंद्र, काहीही चालेल. होम आणि सप्तपदी व्हावी, अशी आईची इच्छा आहे.

हिशेबनीस (११ डिसेंबर)

अभिनंदन. थोडे विरजण घालतो, राग मानू नये.

धाकट्या भावाचे लग्न आम्ही २०१९ मध्ये स्वतःच्या शेतात केले. कार्यालयाचे ९०,००० वाचले म्हणून घरात आनंदीआनंद होता. नंतर वहीत मांडले, तेव्हा मांडव, कनाती, खुर्च्या, जनरेटर आणि त्याचे डिझेल, पाण्याचे दोन टँकर, भाड्याची फिरती शौचालये, शेतातली ढेकळे फोडून जमीन सपाट करणारा रोलर, गाड्या लावून घेणारी दोन माणसे आणि दुसऱ्या दिवशी कचरा उचलणारा ट्रॅक्टर, हे सगळे १,१२,००० रुपयांना पडले. म्हणजे फुकटची जागा बावीस हजारांनी महाग पडली, आणि वर वडिलांच्या पायाला काटा रुतला तो वेगळाच.

कार्यालयाच्या भाड्यात आपण भिंती विकत घेत नाही. संडास, पाणी, वीज, भांडी घासायची जागा आणि पाऊस आला तर डोक्यावर छप्पर, हे घेतो. वेगळी जागा बघायला जाल तेव्हा फोटो काढण्याआधी नळ सोडून पहा आणि संडासाची दारे मोजा.

नोंदणीवाला (१२ डिसेंबर)

जागेआधी एक मुद्दा स्पष्ट करतो, कारण बरेच जण त्यातच अडतात. कायद्याला कार्यालय लागत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ विधींबद्दल बोलतो, जागेबद्दल नाही. धार्मिक पद्धतीने कुठेही लग्न लागले तरी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ते लागल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदवायचे असते. नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. म्हणून जागा कितीही अनवट असली तरी थोड्या पत्रिका छापाव्यात आणि त्यांवर जागेचा पूर्ण पत्ता असावा. सगळी निमंत्रणे मोबाइलवर पाठवून मोकळे झालेले एक जोडपे नंतर प्रतिज्ञापत्रासाठी हेलपाटे घालताना मी पाहिले आहे.

विशेष विवाह कायदा, १९५४ हा दुसरा मार्ग. त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती बाद होते. पुष्कळांना माहीत नसते की या कायद्याखालील लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतच लागले पाहिजे असे नाही. जादा शुल्क भरून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही ते लावता येते. सह्या करायच्या आणि जेवायला बसायचे, एवढ्याला एखादे वाचनालय पुरते.

माची (१२ डिसेंबर)

किल्ल्यावर का करत नाही? खर्च शून्य आणि फोटो अप्रतिम!

नोंदणीवाला (१२ डिसेंबर)

माची, कृपया असे सुचवू नये. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना १९५९ चे नियम लागू आहेत आणि लेखी परवानगीखेरीज तिथे सभा, स्वागत समारंभ किंवा मेजवानी करता येत नाही. शिवाय आजीला बालेकिल्ल्यावर कोण नेणार?

खळं (१३ डिसेंबर)

आमच्याकडे दक्षिण कोकणात हा प्रश्न वेगळा पडत नाही, कारण अजूनही कित्येक लग्ने घरापुढच्या खळ्यातच होतात. माझे लग्न असेच झाले. आठ दिवस आधी खळे चोपून शेणाने सारवले, पोफळीचे खांब पुरले, वर झाप घातले. मोठी भांडी वाडीच्या मालकीची होती. वाडीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढून कधीकाळी घेतलेले टोप, परात, झारे अगदी नाममात्र पैशांत मिळतात, आणि परत करताना मोजून, चिंच लावून घासून द्यावे लागतात. एक झारा कमी भरला तर पुढची दहा वर्षे तो तुमच्या नावावर असतो.

यात पैसा वाचतो, पण तो माणसांच्या बळावर. पाणी भरायला, खोबरे किसायला, पंगत वाढायला वाडी येते आणि त्या बदल्यात पुढच्या प्रत्येक लग्नाला आपण जायचे असते. शहरात राहून फक्त लग्नापुरते खळे वापरू म्हटले तर वाडी येईल, पण तोंड वाकडे करून.

थेम्सकाठ (१३ डिसेंबर)

इंग्लंडमधून लिहितो आहे. इथे धार्मिक विधीविना होणारे कायदेशीर लग्न नोंदणी कार्यालयात किंवा मान्यताप्राप्त जागीच लागते, म्हणून आम्ही आधी सह्या उरकल्या आणि मग गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये अंतरपाट धरला. हॉल स्वस्त होता, स्वयंपाकघर आणि खुर्च्या त्यातच होत्या. अडचण एकच, होम. धुराचा भोंगा वाजू नये म्हणून छोटे कुंड मागच्या हिरवळीवर मांडले आणि लाजाहोमाला सगळे कोट घालून बाहेर उभे राहिले. तुम्हीही बंदिस्त जागा पाहत असाल तर होमाचा धूर कुठून जाणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

सत्यधर्म (१३ डिसेंबर)

होम आईंसाठी आवश्यक आहे हे वाचले, तरीही ज्यांना तसे बंधन नाही त्यांच्यासाठी लिहितो. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात लागला. त्या पद्धतीत पुरोहित नाही आणि जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. माझ्या बहिणीचे लग्न आम्ही असेच एका वाचनालयाच्या सभागृहात लावले. शंभर खुर्च्या, एक टेबल, दोन हार. जेवण शेजारच्या खानावळीत. होमकुंड नसल्यामुळे सतरंज्या जळण्याची विश्वस्तांची चिंता मिटली आणि जागा मिळाली. विधी जितका सुटसुटीत, तितक्या जागा जास्त खुल्या होतात.

तुळशीवृंदावन (१४ डिसेंबर)

पाऊलवाट, तुम्ही मुलीच्या वयाच्या आहात म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या मुलीचे लग्न आम्ही मे २०२३ मध्ये वाई तालुक्यातल्या एका शाळेत केले. मे महिन्यात कार्यालयांचे भाव सर्वांत चढे असतात आणि नेमक्या त्याच महिन्यात गावोगावच्या शाळा कुलूप लावून रिकाम्या उभ्या असतात. शाळेत नळ असतात, संडास असतात, वीज असते, व्हरांडा असतो, मैदान असते आणि बंद करता येतील अशा दहा-बारा खोल्या असतात. जानवसघर वेगळे शोधावे लागत नाही. मुलाकडच्यांना ‘आठवी अ’ आणि ‘आठवी ब’ दिली होती, आमच्याकडे सहावी होती. फळ्यावर जावयांच्या मित्रांनी जेवणाचा बेत लिहून ठेवला होता आणि खाली ‘गृहपाठ : जिलबी दोन वेळा घेणे’ असे.

आता चुका सांगते. पहिली चूक म्हणजे आम्ही प्राथमिक शाळा निवडली. तिथले नळ लहान मुलांच्या उंचीचे होते, त्यामुळे पंगत उठल्यावर सत्तरीचे पाहुणे कमरेत वाकून हात धुत होते आणि प्रत्येक जण उठताना ‘अगं आई’ म्हणत होता. संडासही मुलांच्या मापाचे. बाकांचे तेच, पंचविशीचा मुलगा त्यात बसला की गुडघे हनुवटीला लागत. म्हणून माध्यमिक शाळाच बघावी. दुसरी चूक विजेची. शाळेची जोडणी पंखे आणि ट्यूबलाइटपुरती असते. हॅलोजन, मोठे पंखे आणि आचाऱ्याचा ग्राइंडर एकदम लावल्यावर मुहूर्ताच्या अर्धा तास आधी फ्यूज गेला. महावितरणकडून समारंभापुरती तात्पुरती जोडणी घेता येते, ती घ्यावी, नाहीतर लहान जनरेटर ठेवावा.

परवानगी संस्थेच्या सचिवांकडून लेखी घ्यावी. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही. आम्ही भाडे म्हणून पावती घेतली नाही, संस्थेला २५,००० रुपयांची देणगी दिली आणि तिची पावती घेतली. बाक हलवायला आणि परत लावायला शाळेच्या शिपाईकाकांना वेगळे मानधन दिले आणि आहेरात त्यांचे नाव आधी घेतले. मुहूर्ताला त्यांनी आपण होऊन शाळेची घंटा दिली. वाजंत्रीपेक्षा ती जास्त लक्षात राहिली.

आणि हो, वळीव. मेमध्ये दुपारी चारनंतर आभाळावर विश्वास ठेवू नये. मुहूर्त सकाळचा घ्यावा आणि पंगती तीनच्या आत उठवाव्यात.

हिशेबनीस (१४ डिसेंबर)

तुळशीवृंदावनताई, माझा मुद्दा इथे लागू होत नाही हे मान्य करतो. शाळेत छप्पर आणि पाणी दोन्ही आहे. फक्त तारीख ठरवताना शाळा परीक्षा किंवा मतदानासाठी लागणार नाही ना, हे विचारावे. याच वर्षी १९ एप्रिल ते २० मे या काळात राज्यात पाच टप्प्यांत मतदान झाले तेव्हा आमच्या ओळखीच्या एकांची शाळा ऐनवेळी हातची गेली. ‘नीट’ परीक्षेचेही केंद्र मेच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या शाळेत असू शकते.

आडवाट (१५ डिसेंबर)

दोन पर्याय राहिले. आळंदीत धर्मशाळा आणि छोटी कार्यालये मिळून गुरुजी, हार आणि जेवणासकट लग्न लावून देतात, आणि कमी माणसांत ते फार स्वस्त पडते. ‘आळंदीला म्हणजे पळून जाऊन’ असा अर्थ काढणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. पण १८० माणसांना तो बेत दाटीवाटीचा होईल.

कृषी पर्यटन केंद्रे माणशी दर घेतात, त्यात दोन चहा, नाश्ता, जेवण आणि झाडाखालची सावली येते. चालू दिवशी, म्हणजे मंगळवार-बुधवारी, दर पुष्कळ उतरतो. तिथे पोहोचण्याचा खर्च मात्र कोणी धरत नाही. पुण्याच्या वऱ्हाडासाठी खासगी बस करण्याआधी एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराचा, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेण्याचा, दर विचारावा.

पाऊलवाट (१८ डिसेंबर)

सर्वांचे मनापासून आभार. प्रासंगिक कराराचे नाव काढताच बाबांचा चेहरा खुलला, कारण त्यांनी ३१ वर्षे एसटीत वाहक म्हणून काढली आणि असली वऱ्हाडे शेकड्याने नेली. आता बसची जबाबदारी त्यांनी कोणालाही विचारू न देता घेतली आहे.

काल आम्ही बाबा शिकले ते हायस्कूल पाहून आलो. मोठ्या माणसांच्या मापाचे सहा संडास, चौदा नळ, ५,००० लिटरची टाकी, लांब व्हरांडा. १ मेचे झेंडावंदन आणि निकाल झाले की शाळा रिकामी. सचिवांनी तीन अटी घातल्या : मैदानाबाहेर वाहने लावायची नाहीत, फटाके आणि डीजे नको, भिंतींना खिळा ठोकायचा नाही. डीजे आम्हालाही नको होता, त्यामुळे एक भांडण सचिवांनीच परस्पर मिटवले.

होणाऱ्या सासूबाई ‘शाळेत?’ एवढेच म्हणाल्या आणि मग पाच मिनिटे काही बोलल्या नाहीत. पंगतीत पाटावर बसवून, केळीच्या पानावर, आग्रह करून वाढणार असू तर त्यांची हरकत नाही, असे शेवटी कळले.

तुळशीवृंदावन (१८ डिसेंबर)

पाटांची अट सोडू नका, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्चीची एक वेगळी पंगत आधीच लावून ठेवा, नाहीतर मानाचे व्याहीच खाली बसायला नकार देतात आणि मग सगळ्यांचे अडते.

पाऊलवाट (२ जून २०२५)

कबूल केल्याप्रमाणे वृत्तान्त देते. लग्न मेच्या चौथ्या आठवड्यात झाले, म्हणजे यंदा पाऊस कसा कोसळत होता हे वेगळे सांगायला नको. मुंबईत २६ मेलाच मान्सून पोहोचला, त्याआधीचे दिवसही आमच्याकडे कोरडे गेले नाहीत. आदल्या रात्री मैदानाचे तळे झाले आणि मांडववाल्यांनी ठोकलेल्या कापडी मांडवाची एक बाजू पाण्याच्या वजनाने पोटासारखी खाली आली. पहाटे पाचला भाऊ बांबूने ते पाणी ढकलत होता आणि दर ढकलण्याला खाली उभ्या असलेल्या काकांना आंघोळ होत होती.

मैदानावरचा बेत सोडून दिला. मुहूर्त व्हरांड्यात लागला. व्हरांडा अरुंद असल्यामुळे पाहुणे दोन्ही बाजूंच्या वर्गांत बाकांवर बसले आणि खिडक्यांतून अक्षता टाकू लागले. अंतरपाट वाऱ्याने सारखा उडत होता, म्हणून दोन्ही मामांनी तो खालून पायाने दाबून धरला. होम प्रयोगशाळेच्या बाहेरच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली. पंगती चार वर्गांत बसल्या आणि वाढपी बाहेरून फिरून प्रत्येक दाराने आत येत होते, त्यामुळे ‘नववी क’ मध्ये मसालेभात दोनदा आला आणि मठ्ठा आलाच नाही, अशी तक्रार आत्यांनी नोंदवली आहे. रुसलेल्या दोन्ही आत्या आल्या होत्या, हे सांगायचे राहिले.

त्याच दिवशी तालुक्यातल्या एका लॉनवर दुसरे लग्न होते, तिथली माणसे भिजलेल्या खुर्च्यांवर पातेली झाकत बसली होती असे आमच्या आचाऱ्याने सांगितले. आम्हाला वाचवले ते दारे-खिडक्या असलेल्या खोल्यांनी. जागा निवडताना मी मैदानाच्या प्रेमात पडले होते आणि मैदान त्या दिवशी एक मिनिटही वापरता आले नाही.

हिशेबनीस यांच्यासाठी आकडे : संस्थेला देणगी ३०,०००, मांडव, पाट, खुर्च्या ४२,०००, आचारी, वाढपी आणि शिधा मिळून १८५ पानांचे ७४,०००, एसटीच्या दोन बस ३८,०००, जनरेटर ९,०००, पिण्याच्या पाण्याचे जार आणि एक टँकर ४,५००, फुले आणि सजावट १८,०००, गुरुजी आणि सनई-चौघडा २१,०००, फोटो ४५,०००, शिपाईकाका, सफाई आणि बाक लावणे ८,०००, पत्रिका आणि किरकोळ १६,०००. एकूण ३,०५,५००. मांडवाचे ४२,००० पावसात गेले असे धरले तरी कार्यालयाचे भाडे आणि जेवण मिळून जेवढे झाले असते त्याच्या आत सगळे लग्न झाले. उरलेल्या पैशांपैकी काही शाळेच्या ग्रंथालयाला दिले.

हिशेबनीस (२ जून)

वहीत उतरवून घेतले. मांडव का घातला, एवढाच प्रश्न उरतो.

पाऊलवाट (३ जून)

आईने सांगितले म्हणून.

ओटीवर (९ जून)

धागा उशिरा वाचला. भावाचे लग्न डिसेंबरात आहे. तेव्हा शाळा मिळेल का?

तुळशीवृंदावन (९ जून)

डिसेंबरात शाळा चालू असते, त्यामुळे फक्त रविवार पाहता येईल. शनिवारी शाळा सुटल्यावर ताबा मिळतो का आणि रविवारी रात्रीपर्यंत बाक परत लावून, वर्ग धुऊन द्यायला जमेल का, हे सचिवांना आधी विचारा. त्यासाठी पाच माणसे पैसे देऊन ठरवा. घरची माणसे लग्न झाल्यावर बाक उचलायला थांबत नाहीत. स्नेहसंमेलनाची तारीखही विचारून घ्या. ते आदल्या आठवड्यात असेल तर व्यासपीठ आणि पडदे उभेच असतात आणि मांडववाल्याशी बोलून त्याच भाड्यात दोन दिवस जास्त ठेवता येतात.